दुधाच्या दातांची साक्ष

१

गेल्या आषाढात माझ्या नातीचा पहिला दात पडला. खालचा, पुढचा, तांदळाच्या दाण्याहून थोडासा मोठा. आमच्या घराण्याची रीत अशी, की पडलेला दात शेणाच्या गोळीत घालून घराच्या कौलांवर फेकावयाचा. आता आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर. डोक्यावर आणखी चार मजले. कौले नाहीत आणि शेणही नाही. शिवाय नात म्हणाली, "आजी, माझा दात मी का फेकू? तो माझा आहे ना?" ह्या युक्तिवादाला मला उत्तर सुचले नाही. दात ठेवावयास एखादी डबी मिळेल म्हणून मी आईची जुनी पत्र्याची पेटी काढली.

डबी मिळाली; तिच्याखाली आईची हिशेबाची वही मिळाली. आई मराठी चौथीपर्यंत शिकलेली. तिचे अक्षर टपोरे, आणि हिशेब पैशापैशाचा चोख. वही १९४१ सालची होती. तूप, रॉकेल, तूरडाळ, कासाराचे देणे, अशा ओळींमागून ओळी, आणि श्रावणातल्या एका पानावर, जेथे रकमा मांडावयाच्या तेथे, तीनच शब्द: "बाळ दातांनी गेला." पुढचे दोन दिवस कोरे. तिसऱ्या दिवशी पुन्हा तूरडाळ.

माझ्याआधी एक भाऊ झाला होता आणि दहा महिन्यांचा होऊन गेला, एवढे मला ठाऊक होते. माझा जन्म १९४४ चा. आई त्याच्याविषयी बोलत नसे. सबंध आयुष्यात एकदाच बोलली. ते शेवटी सांगेन. त्या दिवशी मात्र वही हातात घेऊन मी बराच वेळ बसले. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे असेल, पण डोळे पुसल्यावर मनात जो प्रश्न आला तो इतिहासाच्या मास्तरणीचाच होता. मूल तापाने जाते, देवीने जाते, हे समजते. दातांनी मूल जाते, हे कोणी ठरवले? आणि केव्हापासून?

गेले चार महिने मी ह्या प्रश्नाच्या मागे आहे. हाती आले ते वाचकांपुढे ठेवते.

२

आधी दाताची ओळख करून घेऊ. संस्कृतात दाताला 'द्विज' म्हणतात. ब्राह्मण, पक्षी आणि दात हे तिघेही दोनदा जन्मणारे. ब्राह्मणाचा दुसरा जन्म मुंजीत, पक्ष्याचा अंड्याबाहेर आणि दाताचा सातव्या वर्षाच्या आसपास. आपल्याकडील बालवैद्यकाचा मोठा ग्रंथ म्हणजे काश्यपसंहिता. तिचे नेपाळात सापडलेले खंडित हस्तलिखित राजगुरू हेमराज शर्मा ह्यांच्या विस्तृत प्रस्तावनेसह १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात छापले गेले. त्या संहितेत दंतजन्मावर एक स्वतंत्र अध्याय आहे. माणसाचे दात ३२. त्यांतले ८ एकदाच जन्मतात आणि बाकीचे द्विज, असा हिशेब त्यात मांडला आहे. हिशेब थोडा चुकला आहे: दोनदा येतात ते २०, आणि एकदाच येणाऱ्या दाढा १२. पण मुलाच्या तोंडात बोट घालून कोणीतरी दात मोजले होते, आणि कोणता एकदा व कोणता दोनदा असा प्रश्न स्वतःला विचारला होता, हे मला त्या चुकीहून मोलाचे वाटते.

ग्रीकांचे मत निराळे. हिपोक्रेटीसच्या नावावर असलेल्या ग्रंथांत म्हटले आहे, की पहिले दात गर्भातील पोषणापासून आणि जन्मानंतर आईच्या दुधापासून होतात. आपण 'दुधाचे दात' म्हणतो, इंग्रजही तेच म्हणतात. ह्या नावामागे ही समजूत उभी आहे. दूध मऊ, म्हणून त्याचे दातही कच्चे, असे पुढे लोकांनी धरले. शरीरशास्त्राचा महापंडित वेसालियस ह्याने १५४३ साली आपला मोठा ग्रंथ काढला. परंतु पक्का दात हा कच्च्या दाताच्या मागे राहिलेल्या मुळापासूनच उगवतो, असे त्यालाही वाटे. ही चूक २० वर्षांनी इटलीतील एउस्ताकी ह्याने दुरुस्त केली. त्याने गर्भांची व अर्भकांची विच्छेदने करून दाखवले, की दोन्ही दातांचे कोंब जबड्यात वेगवेगळे असतात. १५६३ साली निघालेले त्याचे दातांवरचे छोटेखानी पुस्तक ह्या विषयावरचे पहिले शास्त्रशुद्ध पुस्तक मानतात.

आज आपल्याला ठाऊक आहे ते असे. गर्भ सहा आठवड्यांचा असतो तेव्हाच दातांची जागा धरली जाते. आईला डोहाळे लागलेले असतात, आणि आत दातांचे कोंब फुटत असतात. चौथ्या महिन्याच्या सुमारास त्यांत चुन्यासारखे कठीण द्रव्य साठू लागते. मूल बोळक्या तोंडाने जन्मते, पण त्याच्या जबड्यात विसांच्या विसांची तयारी चालू असते. सहाव्या महिन्याच्या आगेमागे खालचे पुढचे दोन दिसतात, मग वरचे. वर्ष उलटल्यावर पहिल्या दाढा, मग सुळे, आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत मागच्या दाढा. क्रम थोडा मागेपुढे झाला तर काही बिघडत नाही. आमच्याकडे वरचे दात आधी आले तर ते मामाला जड जातात, असे म्हणतात. माझ्या धाकट्या मुलाचे वरचेच आधी आले होते. त्याचे तिन्ही मामा ऐंशी ओलांडून खुशाल आहेत.

३

आता मूळ प्रश्न. दातांवर आरोप आला कोठून?

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात, उत्तरस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात, दात येणे हे मुलाच्या सर्वच रोगांचे कारण म्हटले आहे. ताप, जुलाब, खोकला, वांती, डोकेदुखी अशी यादीही दिली आहे. हे वाचून मी पुस्तक मिटणार होते. पण तसेच पुढे वाचत गेले, आणि थोड्याच श्लोकांनंतर तोच वाग्भट सांगतो, की दातांमुळे होणाऱ्या ह्या विकारांत मुलाला फार औषधपाण्याने गांजू नये; दात आले की ते आपोआप शमतात. म्हणजे आरोप ठेवणाराही तोच आणि सौम्य निकाल देणाराही तोच. निदान चुकले असेल. पण हात आवरावा हे शहाणपण त्याच्यापाशी होते. पुढच्या हजार-बाराशे वर्षांत जगातल्या पुष्कळ वैद्यांपाशी ते उरले नाही.

हिपोक्रेटीसच्या परंपरेतही दात येण्यावर एक छोटा प्रबंध आहे, आणि त्यात ताप, जुलाब व आकडी ह्यांचा दातांशी संबंध जोडला आहे. दुसऱ्या शतकात रोमला वैद्यकी करणाऱ्या सोरानस ह्याच्या ग्रंथात हिरड्यांना चरबी, सशाचा मेंदू असले लेप लावण्याचे उल्लेख येतात. सशाच्या मेंदूने गुण येत नसेल. अपायही फारसा झाला नसावा. खरा अपाय शस्त्र हाती आल्यावर सुरू झाला.

सोळाव्या शतकात आंब्रुआज पारे हा फ्रान्सचा नामांकित शस्त्रवैद्य होता. नेव्हर्सच्या ड्यूकचे आठ महिन्यांचे मूल मरण पावले, तेव्हा त्याने प्रेताच्या हिरड्या चिरून पाहिल्या. आत दात बाहेर येण्याच्या तयारीत होते. पारे म्हणाला, हिरडी घट्ट होती, दाताला वाट मिळाली नाही, म्हणून मूल दगावले. आधीच चिरली असती तर वाचले असते. वाचकांनी क्षणभर थांबून विचार करावा. आठ महिन्यांच्या कोणत्याही मुलाची हिरडी चिरली, तर आत दात असणारच! जे प्रत्येक मुलात सापडते, ते ह्या मुलाच्या मरणाचे कारण कसे? पण पारेचा अधिकार मोठा होता, आणि नश्तराने हिरडी चिरण्याची रीत रूढ झाली. अठराव्या शतकात जॉन हंटरसारखा प्रज्ञावंत तिचा पुरस्कर्ता होता. एकोणिसाव्यात मार्शल हॉल हा लंडनचा डॉक्टर तर सांगे, की एकदा गरज असताना हिरडी चिरावयाची राहून जाण्यापेक्षा १९९ वेळा विनाकारण चिरलेली पत्करली. चिरलेली जखम भरली, की पुन्हा चिरावयाची. त्या मुलांना कोणी विचारले नाही. ती बोलत नव्हती.

आणि मरणाच्या नोंदी? लंडनमध्ये सतराव्या शतकात आठवड्याच्या आठवड्याला मृत्यूंची पत्रके निघत. जॉन ग्राँट ह्याने १६६२ साली त्यांवरून आपले प्रसिद्ध पुस्तक लिहिले. त्या पत्रकांत प्लेग, देवी, क्षय ह्यांच्या बरोबरीने 'दात' हेही मरणाचे एक कारण छापलेले असे. इंग्लंड-वेल्समध्ये सरकारी मृत्युनोंदणी सुरू झाल्यावर १८३९ ह्या एका वर्षात दात येण्याच्या खात्यावर ५,०१६ मृत्यू मांडले गेले. आईच्या वहीतले तीन शब्द वाचताना मला वाटले होते, की ही आमच्या खेड्यातली समजूत. ती आमच्या खेड्यातली नव्हती. लंडनच्या सरकारी दफ्तरातली होती, राजवैद्यांची होती. वाग्भटापासून मार्शल हॉलपर्यंत सर्व शहाण्यांची होती.

चूक कशी झाली, हे साध्या गणिताने कळते. सुमारे दोन वर्षांत मुलाला २० दात यावयाचे. म्हणजे जवळजवळ महिन्याला एक. ह्या दोन वर्षांत मूल केव्हाही आजारी पडो, कोठला तरी दात येत असणारच. शिवाय सहाव्या महिन्याच्या सुमारास आईकडून गर्भात मिळालेली रोगप्रतिकाराची शिदोरी संपत आलेली असते. त्याच वेळी उष्टावण होते, वरचे अन्न व पाणी सुरू होते. मूल रांगू लागते आणि हाती येईल ते तोंडात घालते. जंतूंना सगळ्या वाटा मोकळ्या होतात. जुलाब होतात ते ह्या वाटांनी. दात नेमका त्याच वेळी दाराशी उभा असतो, म्हणून चोर ठरतो.

हे मोजून पाहण्याचे काम फार उशिरा झाले. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी १२५ मुलांच्या आईबापांकडून रोजच्या रोज नोंदी ठेवून घेतल्या. ४७५ दात येताना काय काय झाले ते पाहिले, आणि २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. दात येताना मूल चावते, लाळ गाळते, हिरड्या चोळते, किरकिरते, ताप असलाच तर कणकण. मोठा ताप, जुलाब, आकडी ह्यांचा दातांशी संबंध आढळला नाही. दोन हजार वर्षांच्या खटल्यात आरोपी निर्दोष सुटला.

४

मधल्या काळात ह्या आरोपापायी मुलांना काय काय पाजले गेले, तो अध्याय लिहिताना हात जड होतो.

१८४९ पासून अमेरिकेत मेन संस्थानातील बँगोर गावाहून 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' नावाचे औषध विकले जाऊ लागले. दात येणाऱ्या मुलाला ते पाजले की मूल शांत झोपे. झोपणारच, त्यात मॉर्फीन होते, म्हणजे अफूचे सत्त्व. काही मुले झोपली ती उठलीच नाहीत. १९०६ साली अमेरिकेत शुद्ध अन्न व औषधाचा कायदा झाला, आणि बाटलीत काय आहे ते बाटलीवर लिहिणे भाग पडले. तेव्हा आयांना ते कळले. आपण त्या आयांना हसू नये. १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बायका मुलाला अफूची बाळागोळी देऊन खोलीत निजवून जात, हे सरकारने नेमलेल्या स्त्री-डॉक्टरांच्या अहवालात नोंदले गेले आहे. दहा तासांची पाळी, घरी दुसरे माणूस नाही, अशा बाईने काय करावयाचे होते? दोष गोळीचा खरा. पण त्या पाळीचाही.

इंग्लंडात चलती होती ती दातांच्या पुड्यांची. ह्या पुड्यांत कॅलोमेल असे; म्हणजे पाऱ्याचा एक क्षार. पोट साफ झाले की दातांचे विष जाते, ही कल्पना. विसाव्या शतकाच्या आरंभापासून युरोप, ऑस्ट्रेलिया व अमेरिकेत लहान मुलांचा एक विचित्र रोग दिसू लागला. मुलाचे तळहात-तळपाय गुलाबी होत, कातडी सोलवटून निघे, उजेड सोसत नसे. मूल उशीत तोंड खुपसून रात्रंदिवस रडे, स्वतःचे केस उपटी. आणि त्याचे दात सैल होऊन गळून पडत. ह्या रोगाला 'पिंक डिसीझ' म्हणत. अॅडलेडच्या हॅरी स्विफ्ट ह्याने १९१४ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. कोणी म्हणे हा जंतूंचा रोग, कोणी म्हणे जीवनसत्त्व कमी पडते. पारा घेतलेल्या सर्वच मुलांना तो होत नसे, थोड्यांनाच होई. म्हणून पाऱ्याचा संशय कोणाला आला नाही. शेवटी सिनसिनाटीच्या डॉक्टर जोसेफ वॉर्कानी व डोनाल्ड हबर्ड ह्यांनी अशा मुलांची लघवी तपासली. तीत पारा निघाला. १९४८ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. १९५४ साली इंग्लंडमधील पुड्यांतून पारा काढून टाकण्यात आला, आणि थोड्याच वर्षांत तो रोग नाहीसा झाला. दात सुखाने यावेत म्हणून दिलेल्या औषधाने दात गळून पडत होते. पन्नास वर्षे हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

आपल्या घरांतही ह्या जातीचे एक औषध आहे: टाकणखाराची लाही मधात कालवून हिरड्यांना चोळावयाची. माझ्या मुलांना मीही चोळली आहे. टाकणखार पोटात गेला तर लहान मुलाला विषारी ठरतो. वर्षाच्या आतल्या मुलाला मध देऊ नये, त्यातून क्वचित जीवघेणा जंतुविकार होतो, हेही आता डॉक्टर सांगतात. मला तेव्हा ठाऊक नव्हते. आणि हे सगळे जुन्या काळाचे म्हणून सोडून द्यावे, तर तेही नाही. २००८ साली नायजेरियात दात येणाऱ्या मुलांसाठी विकल्या गेलेल्या एका पातळ औषधात विषारी द्रावण मिसळले गेले, आणि ८० हून अधिक मुले दगावली. पूर्व आफ्रिकेच्या काही भागांत मुलाला जुलाब झाले की 'किडका दात' म्हणून हिरडीतला सुळ्याचा कोवळा कोंब अजूनही कोरून काढतात. खटला निकालात निघाला आहे. निकालाची नक्कल सगळीकडे पोहोचलेली नाही.

५

येणाऱ्या दाताची अशी भीती. मग आलेल्या दाताची काळजी तरी घेतली जावी! पण नाही. दात एकदा आला, की त्याची किंमत शून्य. "दुधाचेच आहेत, पडणारच आहेत," हे वाक्य मी शिक्षिका म्हणून किती पालकांच्या तोंडून ऐकले, ह्याची गणती नाही. गाल सुजलेले मूल वर्गात डोके टेकून बसलेले असे. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडत नसे. आम्ही म्हणत असू, अभ्यासात लक्ष नाही.

दुधाचा दात पडावयाचा असतो हे खरे, पण केव्हा? पुढचे सहा-सात वर्षांनी. मागच्या दाढा तर दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत राहतात. तोवर त्यांच्याच जोरावर मूल जेवते, बोलते, वाढते. शिवाय तो दात खालच्या पक्क्या दाताची जागा राखून बसलेला असतो. दुधाची दाढ किडून अकाली काढावी लागली, की शेजारचे दात त्या जागेत कलतात आणि पक्का दात वेडावाकडा येतो. मुळाशी पू झाला, तर खाली घडत असलेल्या पक्क्या दाताच्या कवचावर कायमचा डाग उमटतो. ह्या दातांचे कवच पक्क्या दाताच्या सुमारे निम्म्याने पातळ. कीड आत शिरावयास वेळ लागत नाही. आणखी एक फसगत: सहाव्या वर्षी, एकही दात न पडता, सगळ्यांच्या मागे एक दाढ येते. ती पक्की असते, जन्मभराची असते. आईबाप तिला दुधाचीच समजतात, आणि ती आठव्या-नवव्या वर्षीच पोखरली जाते.

ह्या उपेक्षेविरुद्ध आवाज उठला तोही फार जुना नाही. स्कॉटलंडमधील डंडीचा दंतवैद्य विल्यम फिशर ह्याने १८८५ साली, शाळेतील मुलांच्या दातांची तपासणी सक्तीची करावी, असा निबंध वाचला. १९०२ साली स्ट्रासबर्गला एर्न्स्ट येसेन ह्याने शाळकरी मुलांसाठी नगरपालिकेचा मोफत दंतदवाखाना चालू केला. १९०७ साली केंब्रिजमध्ये तसाच निघाला. न्यूझीलंडने आणखी पुढचे पाऊल टाकले. पहिल्या महायुद्धात तेथील जवानांचे दात फार वाईट निघाले होते. १९२१ पासून तेथे थॉमस हंटर ह्यांच्या योजनेने तरुण मुलींना दोन वर्षांचे शिक्षण देऊन शाळाशाळांत दंतपरिचारिका म्हणून नेमू लागले. मुले त्या खोलीला 'मर्डर हाऊस' म्हणत. पण त्या पिढीचे दात टिकले. आपल्याकडे १९२० साली कलकत्त्यास डॉ. रफिउद्दीन अहमद ह्यांनी देशातले पहिले दंतमहाविद्यालय काढले, मुंबईत नायर रुग्णालयाशी जोडलेले १९३३ साली निघाले, आणि दंतवैद्यकाचा कायदा १९४८ साली झाला. पण दुधाच्या दातांसाठी मूल दंतवैद्याकडे न्यावे, ही गोष्ट खेड्यापाड्यांत अजूनही चैनीचीच समजली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे जगातल्या सुमारे ५१ कोटी ४० लाख मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत.

कीड कशी लागते, तेही सांगते. कारण ते प्रत्येक आजीला ठाऊक असावे. १९६२ साली एलियास फास ह्या अमेरिकन दंतवैद्याने एक विशिष्ट प्रकारची कीड वर्णिली. वरचे पुढचे चार दात काळे होऊन झिजलेले, आणि खालचे मात्र स्वच्छ. कारण दुधाची बाटली तोंडात धरून झोपणारे मूल. झोपेत लाळ कमी सुटते; गोड दूध रात्रभर वरच्या दातांभोवती साचून राहते. खालच्या दातांवर जीभ पांघरलेली असते, म्हणून ते वाचतात. एवढे कळले, की उपाय सांगावा लागत नाही. झोपताना बाटली नको. दूध पाजून झाले, की स्वच्छ ओल्या फडक्याने हिरड्या व दात पुसावेत. पहिला दात दिसल्यापासून मऊ ब्रशाने, तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट घेऊन दोन वेळा घासावेत. आणि वर्षाच्या वाढदिवसापर्यंत एकदा दंतवैद्याला तोंड दाखवावे. दात येताना मूल किरकिरले, तर चावावयास स्वच्छ, गार कडे द्यावे, धुतलेल्या बोटाने हिरडी चोळावी. वाग्भट म्हणाला तेच. फार गांजू नये.

६

आता ह्या दाताची दुसरी बाजू. ज्याला आपण आरोपी केले आणि मग कचरा मानले, तो वास्तविक साक्षीदार आहे.

दाताचे कवच थराथराने घडते, झाडाच्या बुंध्यातल्या वलयांसारखे. आणि एकदा घडले की बदलत नाही. १९३६ साली शिकागोच्या आयझॅक शूर ह्याने दुधाच्या दातांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून दाखवले, की प्रत्येक दातात एक ठळक रेघ असते. ती जन्माची रेघ. तिच्या आतले कवच आईच्या पोटात घडलेले, बाहेरचे जगात आल्यावर. त्या एका दिवसाचा धक्का दात टिपून ठेवतो.

ह्या साक्षीचा सर्वांत मोठा उपयोग झाला तो अमेरिकेतील सेंट लुइस शहरात. १९५०च्या दशकात अणुबाँबच्या चाचण्या उघड्या आकाशात होत. त्यांची धूळ पावसाबरोबर गवतावर पडे. गवत गाय खाई, दूध मूल पिई. धुळीत स्ट्राँशियम-९० हा किरणोत्सर्गी पदार्थ होता. तो शरीरात चुन्याप्रमाणे वागतो आणि हाडांत व दातांत जाऊन बसतो. हाड तपासण्यासाठी मूल मरावे लागते. दुधाचा दात मात्र मूल हसत काढून देते! हर्मन काल्कार ह्या शास्त्रज्ञाने १९५८ साली सुचवले, की जगभरच्या मुलांचे पडलेले दात गोळा करावेत. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सेंट लुइसच्या नागरिकांनी हे काम हाती घेतले. प्रमुख होत्या डॉ. लुईझ राइस. शाळा, चर्चे, दंतवैद्य ह्यांच्याकडून दात येऊ लागले. दात पाठवणाऱ्या मुलाला, आपण दात विज्ञानाला दिला, असे सांगणारा एक बिल्ला मिळे. १९७० पर्यंत सुमारे ३ लाख २० हजार दात जमले. त्यांतून दिसले, की चाचण्या वाढत गेल्या तसतसे दातांतले स्ट्राँशियम वाढत गेले. पहिले निष्कर्ष १९६१ साली निघाले. १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिका, रशिया व ब्रिटन ह्यांनी हवेतल्या चाचण्या बंद करण्याचा करार केला. करार एकट्या दातांनी घडवला, असे मी म्हणत नाही. पण त्या वेळच्या वादात हे दात बोलले, आणि ते ऐकले गेले. पुढच्या मुलांच्या दातांत ते विष उतरत गेले.

'दुधाचे दात' हे हिपोक्रेटीसच्या परंपरेतले जुने नाव इथे मला निराळ्या अर्थाने पटले. दुधात जे उतरते ते दातात उतरते. मूल बोलत नाही, पण त्याचा दात टिपत असतो: आईने काय खाल्ले, बाळ केव्हा जन्मले, केव्हा आजारी पडले, आम्ही मोठ्यांनी हवापाण्यात काय मिसळले.

७

आता आईची गोष्ट. १९७० साली माझा मोठा मुलगा नऊ महिन्यांचा होता. त्याला जुलाब लागले. वरचा दात दिसत होता. घरात सासूबाई होत्या, शेजारणी होत्या. सर्वांचे एकमत: दातांचे जुलाब, अडवू नयेत, आणि वरचे पाणी देऊ नये, पाण्याने वाढतात. आई त्या वेळी माझ्याकडे आली होती. ती कोपऱ्यात बसून ऐकत होती. आई व्याह्यांच्या घरी कधी मोठ्याने बोलली नव्हती. ती उठली, चुलीवरच्या पातेल्यातले उकळून गार केलेले पाणी वाटीत घेतले, त्यात मिठाची चिमूट व साखर घातली, आणि मला म्हणाली, "पाणी पाज. कोणी काही म्हणो, चमच्याचमच्याने पाणी पाज. माझा पाण्यावाचून गेला."

तेवढेच. पुन्हा तो विषय तिने काढला नाही. आणि मीही, लाज वाटते सांगावयास, विचारला नाही.

पुढच्याच वर्षी, १९७१ साली, बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली. शिरेतून देण्याचे द्रावण संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ते पिंपांतून लोकांना प्यावयास दिले. तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूंचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. त्या पाण्याने पुढे जगभर कोट्यवधी मुले वाचवली. आईला बनगाव ठाऊक नव्हते. तिने तीस वर्षे त्या श्रावणातल्या दिवसांचा हिशेब मनात मांडला असला पाहिजे, पैशापैशाचा, आणि एका रकमेवर येऊन ती थांबली असली पाहिजे. वहीत तिने लोक म्हणाले ते लिहिले. मनात तिने उत्तर निराळे काढले होते.

माझा भाऊ दातांनी गेला नाही. त्याच्या तोंडात त्या वेळी दोन दात होते, असे थोरली आत्या सांगे, खालचे, पुढचे. ते त्याच्याबरोबरच गेले. त्यांनी साक्ष दिली असती, तर ती आईच्या बाजूने दिली असती.

नातीचा दात आता त्या डबीत आहे. तिने कागदावर आपले नाव व तारीख लिहून आत घातली आहे. मी आईच्या वहीचे ते पान उघडले, आणि तीन शब्दांच्या खाली, तशाच टपोऱ्या अक्षरात लिहावयाचा प्रयत्न करीत, एक ओळ घातली: "दातांनी नव्हे, जुलाबाने. आईला कळले होते." वही मिटून डबीच्या शेजारी ठेवली आहे.